मॉड्युलर किचन सदोष निघालं तर : आधी पुरावा, मग तक्रार, दुरुस्ती सगळ्यात शेवटी

सिंकखालचं कपाट फुगतं, ट्रॉली अडकायला लागते. मग ओळखीच्या सुताराला बोलावून फळी बदलून घेतली जाते आणि जुनी फळी भंगारात जाते. सहा महिन्यांनी शेजारचं कपाटही फुगतं. तेव्हा शोरूमवर दावा करायचा म्हटलं तर दाखवायला हातात काही नसतं. किचनच्या तक्रारी कायद्यावाचून अडत नाहीत, त्या क्रम चुकल्यामुळे अडतात.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या घरगुती किचनसाठी, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ धरून दिला आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. हॉटेल किंवा कँटीन यांसारख्या व्यवसायासाठी केलेलं काम सहसा त्यात बसत नाही.

## १. दोष कोणता, ते आधी ओळखा

शटर (कपाटाचं दार) वरखाली होणं, दोन शटरमधली फट असमान दिसणं. हा बहुतेकदा बिजागरीच्या ॲडजस्टमेंटचा प्रश्न असतो. बिजागरीचे स्क्रू फिरवून शटर वर-खाली, डावी-उजवीकडे आणि आत-बाहेर सरकवता येतं. यासाठी सर्व्हिस मागा, भांडण उभं करू नका. मात्र ॲडजस्ट केल्यावर महिन्याभरात तेच शटर पुन्हा लोंबलं आणि स्क्रू बोटाने फिरतोय असं दिसलं, तर आतला बोर्ड स्क्रू धरत नाही. तो दोष मालाचा आहे.

फुगणं. कपाटाची बॉडी साधारण १६ किंवा १८ मिमी जाडीची असते. व्हर्नियर कॅलिपरने त्याच कपाटाचा कोरडा भाग आणि फुगलेला भाग असे दोन्ही मोजा आणि आकडे लिहून ठेवा. ‘खूप फुगलंय’ म्हणण्यापेक्षा ‘वर १८ मिमी, खालच्या कडेला २१ मिमी’ हे समोरच्याला खोडणं अवघड जातं.

सांगितला एक माल, लावला दुसरा. सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच, आणि नेमका हाच तपासायचा राहून जातो. लॅमिनेट आणि एज बँडिंग (कडेची पट्टी) लागल्यावर आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. पण शटरवरची बिजागरी दोन स्क्रू काढून सोडवली की ३५ मिमी व्यासाचा खड्डा उघडा पडतो. त्याच्या भिंतीत एकावर एक आडवे थर दिसले तर प्लाय, लाकडाचे जाडेभरडे कण दिसले तर पार्टिकल बोर्ड, एकसारखा बारीक दाबलेला भुगा दिसला तर एमडीएफ किंवा एचडीएचएमआर (जास्त दाट, ओल सहन करणारा फायबर बोर्ड). शटर आणि बॉडी वेगळ्या मालाची असू शकते, म्हणून बॉडीसाठी सिंकच्या पाइपचं भोक किंवा गॅसच्या नळीसाठी मारलेला कट टॉर्च लावून पाहा.

कोटेशनमध्ये ‘बीडब्ल्यूपी प्लाय’ लिहिलं असेल तर त्याचं मानक आयएस ७१० आहे, म्हणजे उकळत्या पाण्यातही थर सुटू नयेत असा प्लाय. साध्या कमर्शियल प्लायचं मानक आयएस ३०३. मानकाचा शिक्का मूळ शीटवर असतो आणि कापल्यावर बहुतेक तुकड्यांवर उरत नाही. शीट वर्कशॉपमध्ये असतानाचा फोटो असेल तर तो जपून ठेवा. काम अजून व्हायचं असेल तर तो फोटो आताच मागा. शिक्क्यावर ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

स्टीलच्या ट्रॉलीला गंज. ३०४ ग्रेड म्हणून २०२ दिल्याची शंका आली की लोक चुंबक लावून पाहतात. त्याने काही ठरत नाही, कारण दोन्ही ग्रेड चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. गंज वेल्डिंगच्या जोडावर आहे की तारेवर सगळीकडे, याचे जवळून फोटो घ्या. ग्रेडचा निकाल रासायनिक तपासणीच देते.

कीड. फळीला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली बारीक पिठासारखी पावडर असेल तर किडा लाकडातच आहे आणि तो बहुधा मालासोबत आला. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढल्या असतील तर ती वाळवी. ती इमारतीतूनही येते, तेव्हा दोष थेट किचनवाल्यावर ढकलू नका.

> इशारा : वरचं वॉल युनिट भिंतीपासून सुटून पुढे झुकलं असेल तर फोटो काढा, लगेच रिकामं करा आणि खालून टेकू द्या. काचेच्या बरण्या आत ठेवून मेकॅनिकची वाट पाहू नका.

## २. हात लावण्याआधी पुरावा

१. एक सलग व्हिडिओ काढा : दारातून सुरू करून पूर्ण किचन, मग सदोष कपाट, मग जवळून दोष. मध्ये कट नको.

२. प्रत्येक दोषाचे दोन फोटो काढा, एक लांबून, एक शेजारी पट्टी धरून.

३. सिंकखालची गळती असेल तर पाणी नेमकं कुठून येतंय तेही चित्रित करा : वेस्ट कपलिंगमधून, नळाच्या जोडातून, की ओट्याच्या दगड आणि सिंकमधल्या सिलिकॉनच्या फटीतून. पुढे सगळा वाद याच एका मुद्द्यावर येणार आहे.

४. गळती थांबवा, पण फळी बदलू नका. नुकसान वाढू दिलं असा आरोप तुमच्यावर यायला नको. नळ दुरुस्त केल्याचं प्लंबरचं बिल ठेवा.

५. काही काढावंच लागलं तर आधी ईमेलने कळवा, काढताना व्हिडिओ घ्या, आणि काढलेला प्रत्येक तुकडा तारीख लिहून माळ्यावर ठेवा.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले की ते दाबले जातात आणि मूळ तपशील निघून जातात. मूळ फाइल फोनमधून पेनड्राइव्हवर घ्या.

## ३. कागद गोळा करा

कोटेशन, मालाचा तपशील असलेली यादी, ड्रॉइंग, जीएसटी बिल, डिलिव्हरी चलन, हँडओव्हरचा कागद, वॉरंटी कार्ड, बँक किंवा यूपीआयच्या नोंदी आणि पूर्ण चॅट. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, सोयीचे तेवढेच स्क्रीनशॉट काढू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

‘बिल नको, जीएसटी वाचेल’ म्हणून रोख दिले असतील तरी सगळं संपलं असं नाही. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. व्यवहार सिद्ध करायला कोटेशन, चॅट आणि बँकेतून पैसे काढल्याची नोंद वापरा. काम कठीण होतं, एवढंच.

हँडओव्हरच्या कागदावर ‘काम समाधानकारक’ अशी सही केली असेल तर त्या दिवशी दिसत नसलेल्या दोषांवरचा हक्क जात नाही. अजून सही केली नसेल तर उरलेल्या कामांची यादी त्याच कागदावर हाताने लिहा आणि मगच सही करा.

वॉरंटी कार्ड नीट वाचा. ‘१० वर्षे’ हे मोठं अक्षर पुष्कळदा फक्त बिजागरी-चॅनलपुरतं असतं, आणि बोर्डासाठी खाली बारीक अक्षरांत वेगळी मुदत असते. चिमणी आणि हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी) यांची वॉरंटी त्या-त्या कंपनीची असते. त्यांची तक्रार किचनच्या तक्रारीत मिसळू नका.

## ४. समोरचा पक्ष नक्की कोण?

ब्रँडचं नाव एक, शोरूम चालवणारी फर्म दुसरी, बिल तिसऱ्याच नावाने, असं सर्रास असतं. बिलावरचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाका. कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लगेच कळतं. तक्रारीत तेच कायदेशीर नाव घालायचं. विक्रेता आणि ब्रँड दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

- प्लाय तुम्ही आणला, सुताराने मजुरीवर काम केलं : थर सुटले तर प्रश्न प्लायविक्रेत्याचा. माप चुकलं, जोड उघडले तर सुताराचा. कडाप्प्याच्या कप्प्यांत नुसत्या ट्रॉल्या बसवून घेतल्या असतील तर कप्पा आणि ट्रॉली दोन्हींची मापं लिहून ठेवा.
- किचन ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून घेतलं : ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निराकरण द्यायला हवं. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय चॅट बंद करू नका.
- किचन बिल्डरने फ्लॅटसोबत दिलं : करारात त्याचा उल्लेख असेल तर रेरा (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा) कायद्याचं कलम १४(३) पाहा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ही तक्रार महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, करता येते.

## ५. लेखी तक्रार आणि घरभेट

फोनवर बोलून झालं की लोकांना तक्रार केल्यासारखं वाटतं. कागदावर मात्र तिचा मागमूस नसतो. बिलावरच्या ईमेलवर तक्रार पाठवा : बिल क्रमांक, बसवल्याची तारीख, दोष कपाटानुसार, मोजमापं, फोटो, आणि ७ दिवसांत पाहणीची मागणी. भाषा थंड ठेवा, हा ईमेल पुढे ग्राहक आयोगासमोर, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निकाल देणाऱ्या यंत्रणेसमोर, जाणार आहे.

पाहणीला माणूस आला की :

- जॉब शीटची प्रत किंवा फोटो घ्या. त्यावर ‘कस्टमरच्या गळतीमुळे’ असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी खाली ‘मान्य नाही’ लिहा.
- शटर किंवा ट्रॉली चलनाशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.
- ‘फुल अँड फायनल’ किंवा ‘यापुढे तक्रार नाही’ असा कागद दुरुस्ती पूर्ण होऊन, वापरून पाहिल्याशिवाय देऊ नका.

‘पाण्याने फुगलंय, वॉरंटीत बसत नाही’ हे उत्तर येणारच. तेव्हा दोन प्रश्न लेखी विचारा. सिंक आणि वेस्ट पाइप कोणी जोडले? आणि सिंकच्या कपाटासाठी कोणता बोर्ड कबूल केला होता? प्लंबिंग त्यांच्याच कामात होतं तर गळतीही त्यांचीच. कबूल बीडब्ल्यूपी आणि लावला पार्टिकल बोर्ड, तर गळतीचं कारण त्यांना वाचवत नाही. पण प्लंबर तुमचा होता, गळती महिनोन्‌महिने चालू होती आणि माल कबूल केलेलाच निघाला, तर तुमची बाजू लंगडी आहे. अशा वेळी थोडी सूट घेऊन दुरुस्ती करून घेणं शहाणपणाचं.

शेवटचा हप्ता द्यायचा बाकी असेल तर सगळा अडवून धरू नका. दोषाच्या खर्चाएवढीच रक्कम थांबवा आणि का थांबवली ते त्याच दिवशी ईमेलने लिहा. न लिहिता थांबवली की ‘ग्राहकानेच पैसे बुडवले’ ही त्यांची बाजू तयार होते.

## ६. मागणी ठरवा, आकड्यांसकट

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ खाली आयोग दोष काढून देण्याचा, माल बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. त्यातलं काय हवं ते आधी तुम्ही ठरवायचं. पूर्ण किचनपैकी दोन कपाटं बिघडली असतील तर पूर्ण किमतीची मागणी टिकणं अवघड असतं.

३० दिवसांचा मुद्दाही नीट समजून घ्या. बिलात परतीची मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. म्हणजे बिलावरचं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य सदोष मालाला ढाल म्हणून चालत नाही. पण ३० दिवस उलटले म्हणून हक्क संपला, असाही त्याचा अर्थ नाही.

आकडा काढताना बेस युनिट बदलण्याचा खरा खर्च विसरला जातो. वरचा ग्रॅनाइट उचलावा लागतो, उचलताना तो तडकू शकतो, सिंक-नळ सुटतो, डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइल्स निघतात, पाइप गॅस अधिकृत माणसाकडून बंद करून पुन्हा जोडावा लागतो. या सगळ्यासह दोन वेगळ्या कारागिरांकडून लेखी अंदाजपत्रकं घ्या. मानसिक त्रासापोटी वाजवी रक्कम लिहा. ३ लाखांच्या किचनला २० लाख मागितले की उरलेल्या मागण्यांचंही वजन जातं.

## ७. तज्ज्ञाचा अहवाल

स्वतंत्र आर्किटेक्ट किंवा इंटिरियर डिझायनर यांच्याकडून पाहणी अहवाल घ्या. त्यात मोजमापं, फोटो, सापडलेला माल, कोटेशनमधला माल आणि दोषाचं कारण असायला हवं. अहवालासोबत त्यांचं प्रतिज्ञापत्रही लागेल, हे आधीच बोलून ठेवा. प्रतिस्पर्धी किचनवाल्याचा अहवाल टाळा.

परस्पर फळी कापून प्रयोगशाळेत पाठवली तर ‘हा तुकडा आमचा नाहीच’ असं म्हणायला वाव राहतो. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग स्वतः नमुना घेऊन, सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवालाला ४५ दिवसांची मुदत असते आणि फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. सदोष माल शाबूत ठेवायचा तो यासाठी.

## ८. हेल्पलाइन आणि नोटीस

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ती विनामूल्य आहे आणि कंपनी मोठी असेल तर इथेच प्रश्न सुटण्याची शक्यता असते. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही.

> इशारा : आयोगाकडे जायची मुदत २ वर्षांची आहे, कलम ६९. हेल्पलाइन, ईमेल किंवा ‘पुढच्या महिन्यात करून देतो’ या आश्वासनांनी ती थांबत नाही. दोष पहिल्यांदा दिसला ती तारीख धरून मोजा. उशीर माफ होऊ शकतो, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं.

वकिलाची नोटीस सक्तीची नाही. स्वतः लिहिली तरी चालते. स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट ठेवा. मजकूर असा :

*‘आपल्याकडून दि. ___ रोजी बिल क्र. ___ अन्वये रु. ___ देऊन मॉड्युलर किचन घेतले व ते दि. ___ रोजी बसवून मिळाले. कोटेशन क्र. ___ मध्ये बॉडीसाठी ___ माल कबूल केला होता. दि. ___ रोजी पुढील दोष आढळले : (१) सिंकखालील कपाट, डावी बाजू, जाडी १८ मिमीऐवजी ___ मिमी, (२) ___. दि. ___ च्या ईमेलने कळवूनही दोष दूर झालेले नाहीत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत सदर कपाटे कबूल केलेल्या मालात, ओटा व प्लंबिंगच्या खर्चासह बदलून द्यावीत. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’*

## ९. जिल्हा आयोगाकडे तक्रार

कुठे : तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगात. करारात ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ किंवा लवादाचं कलम असलं तरी आयोगाचा दरवाजा बंद होत नाही.

कोणत्या आयोगात : मोजायची ती तुम्ही दिलेली किंमत, भरपाईची मागणी त्यात मिळवायची नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे जवळजवळ प्रत्येक किचन इथेच येतं.

फी : दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर काही नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये.

कसं : ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष. मराठीत लिहिता येतं, वकील नसला तरी चालतो. जोडायचं ते या क्रमाने : अनुक्रमणिका, तारखांचा तक्ता, तक्रार, प्रतिज्ञापत्र, पान क्रमांक घातलेली कागदपत्रं. तारखांचा तक्ता एका पानात बसवा, सगळ्यांत आधी तोच वाचला जातो.

इथे एक बारीक सापळा आहे. वॉरंटीची अट जाचक आहे म्हणून तक्रारीचं मूळच ‘अनुचित करार’ असं मांडलं, तर असे दावे ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगापासून सुरू होतो, जिल्हा आयोगाला तो नाही. म्हणून जिल्हा आयोगात मालातला दोष, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवरच उभे राहा.

दाखल करण्याआधी तपासा : पक्षकारांची नावं जीएसटी नोंदीप्रमाणे आहेत ना? प्रत्येक दोषासमोर फोटोचा पान क्रमांक आहे ना? मागणीतला प्रत्येक रुपया कुठल्या ना कुठल्या कागदावर दिसतो ना?

## १०. दाखल केल्यानंतर

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, वाढवून आणखी १५, त्यापुढे मुदत नाही. ४५ दिवस उलटून आलेल्या उत्तराला त्याच तारखेला लेखी हरकत घ्या.

मध्यस्थीचा पर्याय पुढे आला तर घ्या, पण समझोत्यात ‘दुरुस्ती करून देऊ’ एवढंच लिहून घेऊ नका. कोणती कपाटं, कोणता माल, कोणत्या तारखेपर्यंत, ओट्याचा दगड फुटला तर खर्च कोणाचा, आणि मुदत पाळली नाही तर किती रक्कम, हे सगळं त्यात हवं.

कायद्यात निकालाची मुदत ३ महिने, प्रयोगशाळेची तपासणी असेल तर ५ महिने आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. त्या काळात किचन वापरणं अशक्य असेल तर बदलण्याआधी आयोगाकडे अर्ज करून पाहणी किंवा नमुना घेण्याची विनंती करा.

निकालाविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील होतं. विक्रेत्याला अपील करायचं तर आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. आदेश पाळला नाही तर कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करता येतो. कलम ७२ मध्ये १ महिना ते ३ वर्षं कैद, किंवा किमान २५,००० ते १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. आदेशाची प्रमाणित प्रत हातात आली की ४५ दिवसांची तारीख कॅलेंडरवर लिहा. ती उलटली, अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर दुसऱ्या दिवशी अर्ज करा.